पाटी आपली, चावी कुणाची?

तळेगाव दाभाडे गावाला कारखानदारी नवी नाही. पैसा फंडाचा काच कारखाना इथे उभा राहिला तो १९०८ साली. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थाने माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैशापैशातून तळेगावात काचेची भट्टी पेटली. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशात शिकून आलेले तज्ज्ञ ती भट्टी चालवायला आले. लहानपणी ही हकिगत ऐकली की आमच्या मनात एक भाबडा प्रश्न यायचा, की ज्याने एक पैसा दिला तो त्या कारखान्याचा मालक झाला का? पुढे बी.कॉम.ला कंपनी कायदा शिकलो तेव्हा उत्तर मिळाले. दानाच्या पैशाला मत नसते. भागाच्या पैशाला असते. आणि भागाच्या पैशालाही ते किती असते, हे कागदावर काय लिहिले आहे त्यावर ठरते.

हा कागदच आजच्या लेखाचा विषय आहे. आपल्या वस्तीतली मुले आता नोकरीच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा स्वतःचे काही करू पाहत आहेत, ही चांगली गोष्ट घडते आहे. आंबी, नवलाख उंबरे, चाकण रस्ता या पट्ट्यात एमआयडीसीत आठ-दहा वर्षे काम केलेल्या मुलांच्या हातात कसब आहे. मोठ्या कारखान्यांच्या भरवशावर राहण्याचा अनुभवही त्यांनी घेतला आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यातले उत्पादन थांबले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तो ह्युंदाईने ताब्यात घेतला. मधल्या काळात कामगारांच्या घरात काय झाले ते इथल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

अशाच एका तरुणाची ही गोष्ट. नाव लिहीत नाही, मुलगा आपलाच आहे. आयटीआयचा फिटर. वडील देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेले. एका रविवारी विहारातून वंदना आटोपून आम्ही बाहेर पडत होतो, तेव्हा हा चपला घालता घालता म्हणाला, "जयभीम काका. घरी येऊ का संध्याकाळी? कागद दाखवायचेत. कंपनी काढतोय."

संध्याकाळी आला तो पेढे घेऊनच. कारखान्यात पार्ट ठेवायच्या ट्रॉल्या आणि रॅक बनवण्याचे काम करायचे होते. एक शेठ भेटले होते. भांडवल सगळे शेठचे, जागेचे भाडे शेठचे, ऑर्डरी शेठच्या ओळखीच्या. "आणि काका, ५१ टक्के माझ्या नावावर! शेठ फक्त ४९. मी डायरेक्टर." त्याच्या आईने तोवर शेजारीपाजारी सांगूनही टाकले होते.

आम्ही पेढा खाल्ला, आणि मग कागद मागितला.

आता ५१ टक्क्यांचे हे कौतुक शेठना का सुटले होते, हे वाचकांनी आधी समजून घ्यावे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सरकारी खात्यांनी आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीचा काही हिस्सा लघुउद्योगांकडून घ्यावा असे ठरले. हा हिस्सा आता २५ टक्के आहे, आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठेवलेले आहेत. खाजगी मर्यादित कंपनी असेल तर तिचे किमान ५१ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातीच्या प्रवर्तकांकडे हवेत. २०१६ साली आलेल्या स्टँड-अप इंडिया कर्जयोजनेतही ५१ टक्क्यांचीच अट घातली गेली. म्हणजे या आकड्याला बाजारात किंमत आहे, आणि ज्याला किंमत आहे ते विकत घ्यायला कोणी ना कोणी येतोच. पूर्वी गॅस एजन्सी आणि प्लॉट यांच्या बाबतीत हेच चालायचे. पाटीवर आपल्या माणसाचे नाव आणि गल्ल्याची चावी दुसऱ्याच्या खिशात.

कागद इंग्रजीत होता, चाळीसेक पानांचा. मुलाने पहिले आणि शेवटचे पान वाचले होते. आम्ही कारकून माणूस, मधली पाने वाचण्याचीच आम्हाला सवय. सतराव्या पानावर गोष्ट सापडली. संचालक तीन राहतील: शेठ, शेठचे पुतणे आणि आपला मुलगा. शेठ हे तहहयात अध्यक्ष. ते हजर असल्याशिवाय संचालक मंडळाच्या सभेचा कोरम पूर्ण होणार नाही. मते समसमान झाली तर निर्णायक मत अध्यक्षांचे. बँकेचे खाते अध्यक्षांच्या एकट्याच्या सहीने चालेल. आपल्या मुलाचा हुद्दा तांत्रिक संचालक, आणि त्याचा पगार संचालक मंडळ ठरवील. मंडळ म्हणजे कोण, ते वर आलेच आहे.

"बाळा," आम्ही विचारले, "५१ टक्के तुझे, पण मंडळात तीनपैकी मते किती तुझी?"

त्याने बोट वर केले. एक.

"आणि आणखी कशावर सही केलीस?"

मग त्याने सांगितले, भाग हस्तांतराचा एक फॉर्म होता. त्यावर घेणाऱ्याचे नाव, तारीख, काहीच नव्हते. शेठ म्हणाले, ही नुसती पद्धत आहे. तो कोरा, सही केलेला फॉर्म शेठच्या कपाटात होता.

इथे जरा थांबून कंपनी म्हणजे काय ते सांगतो, कारण पदवीधर माणसेही यात घोटाळा करतात. कंपनी हा एक वेगळाच माणूस आहे असे कायदा मानतो. तिची मालमत्ता तिची, कर्ज तिचे. भागधारकाने आपल्या भागाचे पैसे भरले की त्याची जबाबदारी तिथे संपली, म्हणून ती मर्यादित. हे तत्त्व पक्के झाले ते लंडनमधल्या एका चामड्याच्या बूट कारखानदाराच्या खटल्यात. सॉलोमन त्याचे नाव. त्याने आपला चालता धंदा कंपनीला विकला. कंपनीचे २०,००७ भाग, त्यातले २०,००१ त्याचे. उरलेले सहा बायको आणि पाच मुलांना एकेक, कारण त्या वेळी कंपनीला सात सभासद लागत. कंपनी बुडाली. देणेकरी म्हणाले, ही कसली कंपनी, हा तर सॉलोमनच. खालच्या न्यायालयांनाही तसेच वाटले. पण १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. चामडे कमावणाऱ्यांच्या आणि जोडे शिवणाऱ्यांच्या देशात हा खटला एका बूटवाल्याचा होता हे फारसे कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगितले.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. ज्यांचा बंगला आमच्या तळेगावात आहे त्या बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. त्याआधी ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा एक व्यवसायही त्यांनी करून पाहिला होता. सल्लागार कोण आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. घटना लिहिणारा माणूस एके काळी तरुणांना करार, भागीदारी, हुंडी शिकवीत होता. कंपनीची नियमावली ही कंपनीची घटनाच असते. तिच्यात मालक कोण एवढेच लिहून भागत नाही. कारभार कोण करील, त्याला कोण विचारील आणि त्याला काढायचे कसे, हेही लिहावे लागते.

वेगळा माणूस म्हटले तरी कंपनीला हातपाय आणि तोंड नसते. तिच्या वतीने कोणीतरी बोलावे, सही करावी लागते. ते काम संचालक मंडळाचे. खाजगी मर्यादित कंपनीला किमान दोन भागधारक आणि किमान दोन संचालक लागतात, आणि तीच दोन माणसे दोन्ही असू शकतात. रोजचा कारभार मंडळाकडे. मंडळ त्यातल्या एकाला व्यवस्थापकीय संचालक नेमू शकते. भागधारकांच्या हाती राहतात ते ठराव. साध्या ठरावाला विरोधापेक्षा जास्त मते पुरतात. विशेष ठरावाला विरोधाच्या किमान तिप्पट मते लागतात, म्हणजे शंभरात पंचाहत्तर. नियमावली बदलायला विशेष ठरावच लागतो.

आता ५१ चा हिशेब मांडून पाहा. ५१ टक्केवाल्याला साध्या ठरावाने संचालक नेमता येतो आणि काढताही येतो. कायद्याचे तेवढे बळ त्याच्याकडे आहे. पण नियमावलीतले एक अक्षर बदलायचे तर त्याला ७५ हवेत, आणि ४९ वाला मान हलवणार नाही. म्हणजे पहिल्या दिवशी जे लिहिले गेले ते जन्माचे बसले. म्हणून नियमावली नोंदणीच्या आधी वाचायची असते. नोंदणीनंतर वाचून फक्त कपाळावर हात मारता येतो.

मुलगा हुशार. म्हणाला, "मग मी साध्या ठरावाने शेठनाच काढू शकतो की."

काढता येते. पण त्यासाठी विशेष नोटीस द्यायची, सर्वसाधारण सभा बोलवायची, त्या माणसाला बाजू मांडू द्यायची. कंपनीत भागधारक दोनच, आणि खाजगी कंपनीच्या सभेला निदान दोन सभासद हजर लागतात. शेठ आलेच नाहीत तर सभा पुढच्या आठवड्यावर गेली. तेवढ्यात कपाटातल्या कोऱ्या फॉर्मवर एक तारीख पडली की ५१ चे शून्य झाले. मुलाने पेढ्यांचा खोका गुपचूप मिटवला.

दुसरी बाजू आम्ही त्याला सांगितली ती अशी. नफ्याच्या वेळी तू तांत्रिक संचालक, पण तोट्याच्या वेळी तू पूर्ण संचालक. चेकवर सही करणाऱ्या संचालकाला चेक न वटल्याच्या खटल्यात उभे राहावे लागते. बँक कर्ज देते तेव्हा संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि हमी दिली की 'मर्यादित' हा शब्द त्या कर्जापुरता पुसला जातो. खाजगी कंपनीचा आयकर कंपनीकडून वसूल झाला नाही तर तो संचालकांकडून मागता येतो. तीन वर्षे ओळीने विवरणपत्रे भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ साली सरकारने असे तीन लाखांहून अधिक संचालक एका झटक्यात अपात्र ठरवले. कितीतरी जणांना तेव्हा कळले की आपण कसलेतरी संचालक होतो.

आमच्या भगिनींसाठी एक शब्द. दोन संचालक लागतात म्हणून घरोघरी नवरा-बायकोची कंपनी निघते. बायकोची सही स्वयंपाकाच्या ओट्यावर घेतली जाते. "इथे कर, आणि इथे." ताईंनो, ती सही गॅस सिलिंडरच्या पावतीवरची नव्हे. नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येईल. संचालक व्हायला आमची ना नाही, जरूर व्हा, पण वर्षातून चार वेळा सभेला बसा, हिशेब मागा. छोट्या कंपनीला कायद्याने वर्षात दोन सभा पुरतात, इतरांना चार. आणि झालेल्या सभेचे इतिवृत्त तीस दिवसांत लिहून त्यावर सही व्हावी लागते.

इतिवृत्ताचा विषय निघाला म्हणून आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका पतसंस्थेच्या कार्यकारिणीत होतो. नोकरी सांभाळून सभेला जाणे व्हायचे नाही. तिथे एक सोय होती, मिनिट बुकाच्या पानाखाली आधी सही करून ठेवायची आणि वरचा मजकूर सवडीने लिहिला जायचा. आम्ही सह्या केल्या. पुढे त्यातल्या एका सहीवर असे एक कर्ज मंजूर झालेले निघाले, ज्याची चर्चा आमच्यासमोर कधी झालीच नव्हती. चौकशीत आमची सही आमच्याकडेच बघत होती. सुटलो, पण दीड वर्ष झोप लागली नाही. तेव्हापासून मजकुराच्या आधी सही या गोष्टीचा आम्हाला विंचवासारखा तिटकारा आहे.

असो. मुलगा आणि आम्ही तीन रविवार बसलो. पुण्याच्या एका कंपनी सेक्रेटरी बाईंना फी देऊन दाखवले, तेही सांगतो, कारण आपल्याकडे कंपनी काढायला खर्च करतात आणि कागद वाचून घ्यायला करीत नाहीत. त्यांनी दोन गोष्टी नव्याने सांगितल्या. पहिली अशी, की कर्ज काढणे, कारखाना विकणे अशा मोठ्या निर्णयांना भागधारकांची संमती लागते हे कायद्यातले कलम २०१५ पासून खाजगी कंपन्यांना लागू नाही. म्हणजे नियमावलीत मर्यादा घातली नाही तर मंडळ कितीही कर्ज काढू शकते आणि मशिनरी विकूही शकते. दुसरी गोष्ट तोंडी वचनाची. 'व्ही. बी. रंगराज' नावाचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे. एका घरातल्या दोघांची कंपनी, एकूण ५० भाग, पंचवीस-पंचवीस. दोन्ही शाखांकडे भाग सारखेच राहतील, कोणी विकलेच तर आधी आपल्याच शाखेला विचारील, असे आपसात ठरलेले. पुढच्या पिढीत एकाने भाग दुसऱ्या शाखेला विकले. न्यायालयाने सांगितले, ही अट नियमावलीत नाही, म्हणून ती कंपनीवरही बंधनकारक नाही आणि भागधारकांवरही. आपल्याकडे मित्र म्हणतात, आपल्यात काय लिहायचे! त्यांनी हे घर आठवावे.

मग आम्ही शेठना उत्तर लिहिले. संचालक चार असावेत, दोन मुलाने सुचवलेले, दोन शेठने. अध्यक्षाला निर्णायक मत नसावे. इथे एक जाता जाता सांगतो. कायद्याला जोडलेला नियमावलीचा नमुना आहे, टेबल एफ म्हणतात. वेगळे काही लिहिले नाही तर तो लागू होतो, आणि त्यात अध्यक्षाला निर्णायक मत दिलेले आहे. म्हणून नको असेल तर 'नको' असे लिहावे लागते. पुढे, पन्नास हजारांवरच्या चेकवर दोन सह्या. पाच लाखांवर कर्ज किंवा मशीनची विक्री दोन्ही भागधारकांच्या लेखी संमतीशिवाय नाही. मते अडली तर काय, याचाही मार्ग लिहिला: दोघांना मान्य असा तिसरा लवाद, आणि तरीही मिटले नाही तर एकाने दुसऱ्याचे भाग ठरलेल्या रीतीने काढलेल्या किमतीला घ्यावे. शेठच्या पैशाचे रक्षण आम्ही नाकारले नव्हते. ज्याचे भांडवल त्याला हिशेब पाहण्याचा आणि बुडवेगिरी अडवण्याचा हक्क हवाच, त्याची दोन कलमे आम्हीच घातली. आणि शेवटी, तो कोरा फॉर्म परत.

शेठचा फोन आला. आवाज गोड होता. "काका, मी मुलाला मालक करायला निघालो होतो, तुम्ही युनियन काढलीत." व्यवहार मोडला. फॉर्म मात्र आम्ही परत आणवला, आणि तो मुलाने आमच्यासमोर फाडला.

गोष्ट इथे गोड होत नाही. मुलगा दोन महिने आमच्याशी बोलला नाही. विहारात दिसला तर दुसऱ्या दाराने जायचा. त्याच्या आईने आमच्या घरी येऊन सांगितले, "भाऊ, निदान पाटी तरी लागली असती." त्या माउलीला काय उत्तर द्यावे? तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. भांडवल दुसरीकडून कुठून येणार होते? शेठसारखी माणसे येतात ती आपल्याकडे भांडवल नाही म्हणूनच. आणि काही जण अशा पाटीखाली उभे राहून धंदा शिकले, पुढे स्वतःचे झाले, अशीही उदाहरणे आम्ही ऐकली आहेत. पण त्यांच्या सहीचे कोरे फॉर्म कुणाच्या कपाटात नव्हते.

दिवाळीनंतर तो परत आला. या वेळी बरोबर कारखान्यातले दोन मित्र होते, एक वेल्डर, एक स्टोअरमध्ये हिशेब ठेवणारा. तिघांची मिळून भांडवल म्हणण्यासारखी रक्कम जमत होती. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून काही दिले होते, आणि ते त्यांनी कर्ज म्हणून लिहून घेतले. आम्हाला ते फार आवडले.

या तिघांना आम्ही कंपनीऐवजी एलएलपी सुचवली, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी. २००८ च्या कायद्याने ती आपल्याकडे आली. भागीदारीसारखी मोकळी आणि कंपनीसारखी मर्यादित जबाबदारीची. उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर हिशेबतपासणीचीही सक्ती नाही. ५१ टक्क्यांची अट भागीदारीलाही आहे, आणि इथे तर तिघेही आपलेच. उद्या मोठे भांडवलदार यायचे असतील तर कंपनीच बरी, हेही सांगितले.

पण एलएलपीतही कारभार कोणाचा, हा प्रश्न सुटत नाही, उलट तिथे तो जास्त सोडलेला असतो. करार केला नाही तर कायद्याला जोडलेले पहिले परिशिष्ट लागू होते. त्यात सगळे भागीदार भांडवलात, नफ्यात आणि तोट्यात सारखे. कारभारात सगळ्यांना हक्क. काम केल्याचा पगार कुणालाच नाही. निर्णय बहुमताने, माणशी एक मत. ऐकायला किती गोड! तिघेही म्हणाले, आम्हाला हेच हवे, आपण समतावाले.

आम्ही म्हटले, "बाबांनो, एक जण नोकरी सोडून बारा तास उभा राहणार, दुसरा संध्याकाळी येऊन हिशेब लिहिणार आणि तिसरा अजून वर्षभर नोकरीच करणार. नफा सारखा आणि पगार कुणालाच नाही, ही समता किती महिने टिकेल?" ज्याने बारा तास उभे राहायचे होते त्यानेच मान खाली घातली. अमेरिकेत एलएलसी म्हणून जो प्रकार आहे, तिथेही हाच प्रश्न आधी सोडवतात: सगळे सभासद मिळून कारभार पाहणार, की नेमलेला व्यवस्थापक? जे ठरेल ते करारात लिहितात. प्रकार कोणताही चालतो, पण अर्धवट चालत नाही. सगळ्यांनी मिळून पाहायचे आणि प्रत्यक्षात एकाने, यातूनच मैत्री तुटते.

तिघांनी मग ठरवले. दोन नियुक्त भागीदार, म्हणजे सरकारदरबारी जबाबदार माणसे. एवढे कायद्यालाच लागतात. उत्पादन आणि गिऱ्हाईक फिटरकडे, त्याला महिन्याला ठरलेला मोबदला. हिशेब, जीएसटी आणि विवरणपत्रे दुसऱ्याकडे. बँकेत दोघांच्या सह्या. एक लाखावर खरेदी, कर्ज, नवा भागीदार, धंदा बदलणे, या गोष्टी तिघांच्या लेखी संमतीनेच. वेल्डर नोकरी सोडून येईल त्या तारखेपासून त्याचा मोबदला सुरू, आणि वर्षभरात आला नाही तर त्याच्या हिश्शाचे काय, तेही लिहिले. यावर त्यांचे चांगले दोन तास भांडण झाले. आम्ही चहा करवला आणि भांडू दिले. कागदावर झालेले भांडण स्वस्त पडते.

सगळे झाले असे वाटत असताना वेल्डरची बायको, जी इतका वेळ दाराशी मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, तिने विचारले, "यांना काही झालं तर आमचं काय लिहिलंय?"

काहीच लिहिले नव्हते. आम्हीसुद्धा विसरलो होतो, बी.कॉम. होऊन. कायदा इतके सांगतो की भागीदार वारला तर त्याच्या वारसाला त्याने घातलेले भांडवल आणि साठलेल्या नफ्यातला वाटा मिळतो, कारभारात बोलण्याचा हक्क मिळत नाही. पण किती दिवसांत मिळतो, हिशेब कोण करतो, चालू ऑर्डरीचे काय, हे करारानेच ठरवायचे. त्या रात्री ते कलम तिच्या समोर बसून मराठीत लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी ते इंग्रजीत बसवले. नव्वद दिवसांत हिशेब, सहा हप्त्यांत पैसे, पहिला हप्ता तेराव्या दिवसाच्या आत. तो तेरावा दिवस तिने घातला. आम्ही म्हटले, आपण तेरावे कुठे करतो? ती म्हणाली, "तेरावं नका करू, पण खर्च तर होतोच की तोवर."

एलएलपी नोंदवल्यापासून तीस दिवसांत करार सरकारकडे दाखल करावा लागतो. यांनी सत्ताविसाव्या दिवशी केला, कारण वेल्डरला सहीसाठी सुट्टी मिळेना. सह्या करण्यापूर्वी प्रत्येक पान मराठीत वाचून दाखवले गेले, तिघांना आणि दोघांच्या बायकांना. तिसऱ्याचे लग्न व्हायचे आहे.

जागा भाड्याची आहे, पत्र्याची शेड. पाटी अजून रंगवायची आहे. कुलूप मात्र लागले आहे, आणि त्याला तीन चाव्या करून घेतल्या आहेत.